टोकियोत पैसा हाताशी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टोकियोला निघालेल्या आणि नुकत्याच पोचलेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. कुणी कंपनीच्या कामावर चाललंय, कुणी शिकायला, कुणी लेकीकडे राहायला. अडचण बहुतेकांची एकच आहे. पैसे खात्यात आहेत, पण वेळेवर हातात येत नाहीत. टोकियोत हे टाळता येतं, फक्त कोणतं काम कशाच्या आधी करायचं ते ठाऊक हवं. बँकांच्या शुल्कांचे आकडे बँकेगणिक थोडे बदलतात. निघण्याआधी आपल्या बँकेचं दरपत्रक एकदा बघून घ्या.

मुलगी निशी-कासाईला राहते. आम्ही दोघं सहा आठवड्यांसाठी जातोय. निवृत्तिवेतनाच्या खात्याचं एटीएम कार्ड न्यावं, की सगळी रोकड इथूनच न्यावी? — नाशिक

आधी ते कार्ड हातात घ्या आणि त्यावरची चिन्हं बघा. निवृत्तिवेतनाच्या खात्यांवर बऱ्याचदा साधं रूपे कार्ड मिळालेलं असतं आणि ते भारताबाहेर चालत नाही. रूपेच्या शेजारी जेसीबी, डिस्कव्हर किंवा डायनर्सचं चिन्ह असेल तर ते आंतरराष्ट्रीय कार्ड आहे. तसं नसेल तर निघण्याच्या महिनाभर आधी बँकेतून व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागून घ्या. कार्ड टपालाने येतं, पिन वेगळा काढावा लागतो, आणि त्यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानंतर नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतं सुरू होऊन येतं. परदेशातला वापर आपण स्वतः चालू करायचा असतो, बँकेच्या अॅपमधून, नेटबँकिंगमधून किंवा शाखेत जाऊन. तिथे वेगवेगळी बटणं असतात: परदेशातलं एटीएम, परदेशातलं दुकान, परदेशातली ऑनलाइन खरेदी. अनेक जण दुकानाचं बटण चालू करतात आणि एटीएमचं विसरतात. त्याच पानावर रोजची मर्यादा असते. ती शून्यावर किंवा अगदी कमी रकमेवर असेल तर कार्ड चालू असूनही पैसे निघणार नाहीत.

रोकड थोडी न्याच. दोघांना मिळून ३० ते ४० हजार येन पुरेत. एवढ्यात विमानतळावरून घरी जाणं, पहिले तीन-चार दिवस आणि अचानक डॉक्टरकडे जावं लागलं तर तो खर्च निघतो. लहान दवाखान्यांत अजूनही रोखच घेतात, आणि पाहुण्यांना जपानचा आरोग्य विमा नसल्यामुळे पूर्ण बिल आपल्यालाच भरावं लागतं. येन इथूनच, परकीय चलनाचा परवाना असलेल्या दुकानातून घ्या. चलनी नोटांच्या रूपात एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या किमतीइतकंच परकीय चलन घेता येतं, आणि ५० हजार रुपयांच्या वरचं चलन रोख रुपये देऊन मिळत नाही, त्यासाठी धनादेश किंवा खात्यातून भरणा करावा लागतो. रुपये नेऊन तिथे बदलू म्हणाल, तर बदलून देणारा सहजी सापडत नाही आणि सापडला तर दर वाईट असतो.

दोघांची कार्डं दोन वेगळ्या बँकांची असू द्या, आणि ती एका पाकिटात ठेवू नका. ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचं रोमिंग भारतात असतानाच चालू करा. परदेशी गेल्यावर ते चालू करायचं, तर त्यालाही बऱ्याचदा त्याच नंबरवरचा ओटीपी लागतो, आणि तिथे घोडं अडतं.

कोणत्या एटीएममध्ये आपलं कार्ड चालतं? आणि पडद्यावर 'रुपयांत की येनमध्ये' असं विचारलं तर काय निवडावं? — ठाणे

रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक बँकेच्या एटीएममध्ये परदेशी कार्ड चालत नाही. जपानी बँकांची पुष्कळ यंत्रं फक्त जपानी कार्डांसाठीच आहेत. भरवशाची जागा म्हणजे सेव्हन-इलेव्हन दुकानांतलं सेव्हन बँकेचं एटीएम. ही दुकानं गल्लोगल्ली आहेत, बहुतेक चोवीस तास उघडी असतात आणि यंत्र इंग्रजीतही बोलतं. पोस्टाच्या बँकेच्या म्हणजे 'यूचो'च्या एटीएमवरही चालतं, पण पोस्टातली यंत्रं रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बंद असू शकतात.

सेव्हन बँकेत चिपवाल्या परदेशी कार्डावर एका वेळी १ लाख येनपर्यंत काढता येतात. चुंबकीय पट्टीवर चालणाऱ्या कार्डाला ३० हजारांचीच मर्यादा आहे. पिन चार आकडी लागतो. तुमच्या बँकेने सहा आकडी दिला असेल तर निघण्याआधी बदलून घ्या.

रुपये की येन या प्रश्नाला उत्तर नेहमी येन. रुपये निवडलेत तर विनिमयाचा दर ते यंत्र किंवा तो दुकानदार ठरवतो, आणि तो जवळपास कायम महाग पडतो. पडद्यावर रुपयांतली रक्कम आधीच दिसते म्हणून माणसाला बरं वाटतं, पण त्या बरं वाटण्याची किंमत आपण मोजत असतो.

आता खर्चाचा हिशेब. भारतीय बँका परकीय व्यवहारावर बहुधा २ ते ३.५ टक्के अधिभार लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३.५ टक्क्यांचे ४.१३ टक्के होतात. वर दर वेळी पैसे काढण्याचा ठरावीक आकार, साधारण १२५ ते १५० रुपये अधिक जीएसटी, आणि सेव्हन बँकेचे ११० किंवा २२० येन वेगळे. अधिभार टक्केवारीत आहे, तो चुकत नाही. ठरावीक आकार मात्र थोडे थोडे पैसे काढणाऱ्याला बोचतो. १० हजार येन, म्हणजे साडेपाच-सहा हजार रुपये काढले तर फक्त ठरावीक आकारातच जवळजवळ ४ टक्के जातात. तेच ५० हजार येन एकदम काढले तर १ टक्क्याच्या आसपास. म्हणून आठवड्याचा अंदाज घ्या आणि एकदाच काढा. टोकियोत एवढी रोकड खिशात बाळगणं नवलाचं नाही.

आणि हो, दहा हजारांची नोट सेव्हन-इलेव्हनमध्येच पाण्याची बाटली घेऊन मोडा. 'तोएइ', म्हणजे टोकियो महानगर सरकारच्या शहर बसमध्ये तिकीट २१० येन आहे आणि पेटीत फक्त एक हजाराची नोट आणि नाणी जातात. पाच किंवा दहा हजारांची नोट काढलीत तर चालक काही करू शकत नाही.

एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण भारतातल्या खात्यातून पैसे कापल्याचा संदेश आला. आता? — ठाणे, याच वाचकाचा दुसरा प्रश्न

यंत्रासमोरून लगेच हलू नका. सेव्हन बँकेच्या यंत्राला शेजारी एक फोनचा रिसीव्हर असतो, तो उचलला की त्यांच्या मदत केंद्राशी जोडला जातो. पावती निघाली असेल तर ती जपून ठेवा, नसेल तर दुकानाचं नाव, वेळ मिनिटासकट आणि यंत्राचा क्रमांक टिपून फोटो काढा. त्यानंतर तक्रार भारतातल्या आपल्या बँकेकडेच नोंदवायची. कार्ड त्यांचं आहे, जपानी बँक थेट तुमच्या खात्यात पैसे टाकणार नाही.

देशात अशा व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत परत आले नाहीत तर रोज १०० रुपये भरपाई मिळते, हे अनेकांना ठाऊक असतं. तो नियम फक्त देशांतर्गत व्यवहारांना लागू आहे. परदेशातल्या तक्रारीला व्हिसा-मास्टरकार्डच्या वाटेने जावं लागतं आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. म्हणूनच दुसरं कार्ड हवं.

कंपनी मला तीन वर्षांसाठी टोकियोला पाठवते आहे. बँक खात्याला फोन नंबर लागतो, फोनला बँक खातं, घराला दोन्ही. सुरुवात कुठून करू? — पुणे

हे चक्र खरं आहे, पण त्याला एक फट आहे. ती फट म्हणजे पत्ता.

नारिता किंवा हानेदाला उतरल्यावर तुम्हाला 'झाइर्यू कार्ड' म्हणजे निवासपत्र हातात मिळेल. पुढची बाजू छापलेली असते, मागची बाजू पत्त्यासाठी कोरी. राहायची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत तिथल्या 'कुयाकुशो'त, म्हणजे वॉर्डाच्या कार्यालयात, जाऊन पत्ता नोंदवायचा. तिथला कर्मचारी कार्ड घेतो आणि मागे पत्ता छापून परत देतो. तो छापलेला पत्ता असल्याशिवाय कोणतीही बँक अर्ज हातात धरत नाही, म्हणून १४ व्या दिवसाची वाट बघू नका, पहिल्या दोन-तीन दिवसांत उरका. कंपनीने महिन्याभरासाठी दिलेल्या सर्व्हिस अपार्टमेंटचा पत्ता चालतो का, हे कंपनीला आणि जागामालकाला आधी विचारा. हॉटेलचा पत्ता सहसा चालत नाही.

पत्ता झाला की फोन. मोठ्या कंपन्यांचे करार बँक खातं किंवा जपानी क्रेडिट कार्ड मागतात. परदेशी रहिवाशांसाठीची काही सिम अशी असतात की त्यांचं बिल दुकानात रोख भरता येतं किंवा भारतीय क्रेडिट कार्ड चालतं. सुरुवातीला तसलं घ्या, फक्त ते नुसतं डेटाचं नाही ना, बोलण्याचा नंबर त्यात आहे ना, एवढं बघा. बँकेला बोलण्याचा नंबर हवा असतो.

मग बँक. परकीय चलनाच्या कायद्यानुसार जपानमध्ये येऊन सहा महिने व्हायच्या आत माणूस 'अनिवासी' धरला जातो. मात्र जपानमधल्या कार्यालयात काम करणारा पहिल्या दिवसापासून निवासी धरला जातो. तुम्ही या दुसऱ्या गटातले. पण काउंटरवरच्या माणसाला ते सिद्ध करून दाखवावं लागतं. त्यासाठी कंपनीचं ओळखपत्र आणि 'झाइशोकु शोमेइशो', म्हणजे नोकरीत असल्याचा दाखला, बरोबर न्या. तरीही एखादी शाखा 'सहा महिन्यांनी या' म्हणू शकते. तिथे हुज्जत घालण्यात दिवस घालवू नका. तुमच्या कंपनीचे पगार ज्या बँकेतून होतात त्या बँकेची, कंपनीच्या कार्यालयाजवळची शाखा गाठा. मनुष्यबळ विभागाने आधी फोन केलेला असेल तर काम सोपं होतं.

न्यायच्या गोष्टी: निवासपत्र, पासपोर्ट, नोकरीचा दाखला, फोन आणि शिक्का. या शिक्क्याशिवाय, म्हणजे 'हान्को'शिवाय, आता बऱ्याच बँकांत सहीवर किंवा अॅपवर काम होतं, पण जुन्या पद्धतीच्या शाखा अजून शिक्का मागतात. शंभर येनच्या दुकानात मिळणारे तयार शिक्के जपानी आडनावांचेच असतात, त्यामुळे आपलं नाव कोरून घ्यावं लागतं. ज्याच्या आतच शाई असते तो रबरी शिक्का बँक घेत नाही. दाबाने त्याचा ठसा बदलतो, म्हणून. बहुतेक बँकांचं काउंटर दुपारी ३ वाजता बंद होतं. परदेशी माणसाचा अर्ज तास-दीड तास सहज घेतो, म्हणून सकाळीच जा.

खातं उघडल्यावर मिळतं ते 'कॅश कार्ड'. नावाप्रमाणे ते रोख काढण्या-भरण्यासाठीच आहे. आपल्याकडच्या एटीएम कार्डासारखं ते दुकानात चालेल असं धरून जाल तर फसाल. डेबिटची सोय हवी असेल तर अर्जातच ती मागा. आणि स्वतःच्याच बँकेचं एटीएम असलं तरी फुकट वेळ ठरलेली असते, साधारण कामाच्या दिवशी सकाळी ८.४५ ते संध्याकाळी ६. त्याबाहेर किंवा दुसऱ्या यंत्रावर ११० ते ३३० येन कापले जातात.

जपानी पडद्यावर रक्कम टाकताना एक चूक नवखा माणूस करतोच. आकड्यांच्या शेजारी तीन जादा कळा असतात. एकीवरचं चिन्ह म्हणजे वर आडवी रेघ आणि खाली दोन पाय, ते 'मान', म्हणजे दहा हजार. दुसरीवर अधिकच्या चिन्हाला वर तिरकी टोपी, ते 'सेन', म्हणजे हजार. तिसरी खालून उघड्या चौकटीची, ती 'एन', म्हणजे येन. तीस हजार हवे असतील तर ३, मान, एन असं दाबायचं. आपण सवयीने ३ वर चार शून्यं टाकतो आणि मग मान दाबतो, यंत्राला ती रक्कम तीस कोटी वाटते आणि ते व्यवहार नाकारतं. 'मान'ची सवय लवकर करून घ्या. पगार, घरभाडं, सगळं तिथे मानातच बोलतात. ३० मान म्हणजे आपल्या मोजणीत तीन लाख येन.

राहिला प्रश्न पहिल्या दोन महिन्यांच्या पैशांचा. पुष्कळ कंपन्यांत महिना संपल्यावर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेला पगार होतो, म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला रुजू झालात तर पहिला पगार हातात यायला पावणेदोन महिने लागतील. तोवर घर घ्यायचं असतं. खासगी घराला अनामत, घरमालकाला परत न मिळणारी 'रेइकिन', दलाली, हमीदार कंपनीचं शुल्क आणि पहिलं भाडं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम एकदम लागते. यूआर या सार्वजनिक गृहसंस्थेच्या इमारतींत रेइकिन नाही, दलाली नाही, हमीदार नाही; अनामत दोन महिन्यांची. एडोगावा आणि कोतो वॉर्डांत भारतीय कुटुंबं या इमारतींत बरीच राहतात, त्यामागे हे मोठं कारण आहे. आमचं मत विचाराल तर नवागताने आधी तिथेच चौकशी करावी.

हे पैसे बँकेतून 'फुरिकोमी', म्हणजे थेट समोरच्याच्या खात्यात भरणा, करूनच भरायचे असतात. खातं नसेल तर एटीएमवर रोख टाकून पाठवता येतील असं वाटतं, पण २००७ पासून एटीएमवरून रोखीने १ लाख येनच्या वर पाठवता येत नाही. मोठी रक्कम काउंटरवर ओळखपत्र दाखवूनच जाते. भारतातून तेवढे येन नोटांत नेणं वर सांगितलेल्या ३,००० डॉलरच्या मर्यादेत बसणार नाही. फॉरेक्स कार्डावर येन भरून न्या, किंवा खातं उघडताच स्वतःच्या नावावर पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही.

पगार परत गेला. कंपनी म्हणते खात्यावरचं नाव जुळत नाही. पासपोर्टवरचं नाव तर बरोबर आहे! — सध्या टोकियो, मूळ सांगली

पासपोर्टवरचं नाव इथे कामाचं नाही, कताकाना या जपानी लिपीतलं नाव कामाचं आहे. जपानी बँकांमधली देवाणघेवाण कताकानातल्या नावावर चालते, आणि आपली मराठी नावं त्या लिपीत एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतात.

जपानीत 'ल' नाही आणि जोडाक्षर फोडावं लागतं, म्हणून कुलकर्णी 'कुरुकारुनी' होतात. देशपांडे 'देशुपांदे' होतात किंवा 'देशिपांदे'. जोशींच्या मागे स्वर लांबवणारी आडवी रेघ कुणी देतं, कुणी देत नाही. 'व' लिहायचा तर नवी खूण वापरून 'व' लिहितात किंवा सरळ 'ब', त्यामुळे विजयचा बिजय होतो. कंपनीच्या लेखा विभागाने तुमचं नाव कानाला वाटलं तसं लिहिलं आणि बँकेतल्या मुलीने तिला वाटलं तसं, तर दोन्ही बरोबर असूनही यंत्राच्या दृष्टीने ती दोन माणसं आहेत. एक रेघ जास्त, नावांमधली एक मोकळी जागा कमी, एवढ्यावर पैसे परत जातात.

त्यात आपलं मधलं नाव. भारतीय पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'दिलेल्या नावा'च्याच रकान्यात असतं, त्यामुळे निवासपत्रावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं तिन्ही एका ओळीत येतं. बँक तेच उचलते. कंपनीने मात्र मधलं नाव गाळलेलं असतं.

पासबुक उघडा, पहिल्याच पानावर कताकानात नाव छापलेलं असेल. पासबुक नसेल तर अॅपमध्ये खात्याच्या माहितीत दिसेल. त्याचा फोटो काढून लेखा विभागाला द्या आणि रेघेसकट, मोकळ्या जागेसकट तसंच लिहायला सांगा. बँकेतलं नाव बदलायला जाऊ नका, ते लांबलचक काम आहे. बाकी सगळ्यांना बँकेशी जुळवून घ्यायला लावा. जे अजून निघायचे आहेत त्यांनी जपानी येणाऱ्या मित्राकडून आपलं नाव एकदा कताकानात लिहून घ्यावं, आणि वॉर्ड कार्यालय, फोन, बँक, कंपनी, सगळीकडे तोच कागद पुढे करावा.

भाषाशाळेत प्रवेश मिळालाय. विद्यार्थ्याला सहा महिने खातंच मिळत नाही का? — छत्रपती संभाजीनगर

मिळतं, पण अपुरं. सहा महिने होईपर्यंत तुम्ही अनिवासी, त्यामुळे देशातल्या देशात पैसे पाठवण्या-घेण्यावर बंधनं येतात. बरेच विद्यार्थी पोस्टाच्या यूचो बँकेपासून सुरुवात करतात. तिथे निवासाची मुदत ३ महिन्यांहून जास्त असावी लागते, आणि भाषाशाळेचं ओळखपत्र लागतं. अनेक शाळा विद्यार्थ्यांना गटाने पोस्टात नेतात. ती संधी सोडू नका, त्या दिवशी काउंटरवर जपानी बोलणारं माणूस बरोबर असतं.

सहा महिने पूर्ण झाले की बँक आपणहून काही करत नाही. निवासपत्र घेऊन जा आणि खातं निवासी करून मागा. हे न केल्यामुळे पार्टटाइम कामाचा पगार अडकतो. वीज, गॅस, पाणी, विमा यांची बिलं खात्याशिवायही भरता येतात: घरी येणारी पट्टी घेऊन कुठल्याही सेव्हन-इलेव्हन, लॉसन किंवा फॅमिलीमार्टमध्ये रोख भरायची, एका पट्टीला ३ लाख येनपर्यंत.

नवऱ्याबरोबर अवलंबित व्हिसावर आले आहे. आमचं संयुक्त खातं कुठली बँक उघडून देईल? — सध्या टोकियो, मूळ डोंबिवली

कुठलीच नाही. जपानमध्ये आपल्यासारखं दोघांच्या नावाचं खातंच नसतं. नवऱ्याचं कार्ड तुम्ही वापरणं हे घरोघरी चालतं, पण बँकेच्या नियमांत ते बसत नाही, आणि पिन तीनदा चुकला की कार्ड बंद पडतं. मग खातेदाराला स्वतः, कामाच्या दिवशी, तीनच्या आत शाखेत जावं लागतं. अनेक बँका एकत्र राहणाऱ्या कुटुंबीयासाठी त्याच खात्यावर 'दाइरिनिन कार्ड', म्हणजे प्रतिनिधीचं दुसरं कार्ड देतात. ते मागा, पिन वेगळा ठेवता येतो.

आणि सहा महिने झाले की स्वतःच्या नावाचं खातं जरूर उघडा. नवरा कामानिमित्त बाहेरगावी असताना काही झालं, तर तुमच्या हाताशी तुमचा पैसा हवा. पुढे परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंतचं काम धरलंत, तर पगारालाही स्वतःचंच खातं लागतं.

तिथे सगळे फोनने पैसे देतात म्हणे. आमचा भारतातला अँड्रॉइड फोन चालेल का? यूपीआय? — कोल्हापूर

यूपीआयवर भिस्त ठेवू नका. रेल्वे आणि दुकानांत चालणारं सुइका कार्ड फोनमध्ये घालायला फेलिका नावाची सोय फोनमध्ये सुरू असावी लागते, आणि भारतात विकलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये ती नसते. आयफोन ८ पासून पुढचे सगळे आयफोन चालतात, पण त्यात भारतीय कार्डावरून पैसे भरण्याची खात्री धरू नका. सेव्हन बँकेच्या एटीएमवर फोन किंवा कार्ड ठेवून रोख भरता येतात, किंवा दुकानाच्या काउंटरवर 'चार्ज' म्हणायचं आणि नोट द्यायची. शिल्लक २० हजारांच्या वर जात नाही.

साधं कार्ड घेतलंत तर ५०० येन अनामत. परत करताना ज्याचं कार्ड त्याच्याच स्टेशनवर द्यावं लागतं: सुइका जेआर रेल्वेच्या, तसंच दुसरं कार्ड पास्मो मेट्रोच्या. पहिल्या पत्रातलं निशी-कासाई मेट्रोवर आहे, तिथे सुइका परत होत नाही. सुइकात शिल्लक असेल तर २२० येन कापतात, म्हणून आधी शिल्लक संपवा, मग ५०० पूर्ण मिळतात. पर्यटकांच्या 'वेलकम सुइका'ला अनामत नाही, पण ते २८ दिवसच चालतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत.

रोकड वापरताना एवढं ध्यानात असू द्या. ३ जुलै २०२४ ला नव्या नोटा आल्या, आणि लहान खानावळींतली जुनी तिकीटयंत्रं काही ठिकाणी त्या घेत नाहीत. नोट परत आली तर ती खोटी नाही, जुनी देऊन बघा. आणि भोक असलेलं पिवळसर नाणं म्हणजे पाच येन. त्यावर आकडा नसतो, फक्त जपानी अक्षर असतं, म्हणून ते ओळखून ठेवा.

घरी पैसे पाठवायला 'एसबीआय'च बरी ना? ओळखीची बँक आहे. — सध्या टोकियो, मूळ सातारा

जरा थांबा. टोकियोत एसबीआय ही अक्षरं दिसतील तिथे आपली स्टेट बँक असेलच असं नाही. एसबीआय शिन्सेइ बँक, एसबीआय रेमिट या जपानमधल्या एसबीआय समूहाच्या संस्था आहेत, स्टेट बँक ऑफ इंडियाशी त्यांचा संबंध नाही. त्या वाईट आहेत असं नव्हे, फक्त वेगळ्या आहेत. आपल्या स्टेट बँकेची शाखाही टोकियोत आहे, बँक ऑफ इंडियाचीही आहे.

कुठूनही पाठवा, १२ आकडी 'माय नंबर', म्हणजे आपल्या आधारसारखा तिथला ओळख क्रमांक, लागेल. पत्ता नोंदवल्यावर काही आठवड्यांत त्याचं पत्र टपालाने येतं. दारावरच्या पेटीवर तुमचं नाव चिकटवलेलं नसेल तर ते परत जाऊ शकतं, म्हणून रोमन आणि कताकाना दोन्हींत नाव लावा. तुलना करताना नुसतं शुल्क बघू नका. त्याच दिवशी, त्याच वेळी, १ लाख येनचे घरी नेमके किती रुपये पोचतील एवढंच प्रत्येकाला विचारा. दरातच दडवलेली कमाई अशी उघडी पडते.

भारतातलं जुनं बचत खातं तसंच चालू ठेवलंय का? परदेशी नोकरीला गेल्यावर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथलं साधं खातं, करून घेणं फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांनी बंधनकारक आहे. जपानमधून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईचं, खातं उघडा, तिथला पैसा पुन्हा बाहेर न्यायला मोकळा राहतो.

व्हिसाची मुदत वाढवून घेतली, तरी एटीएममधून पैसे निघेनात. आणि पुढच्या वर्षी भारतात परत यायचंय, तेव्हा खात्याचं काय करू? — सध्या टोकियो, मूळ नागपूर

मुदत वाढली हे तुम्हाला आणि इमिग्रेशनला ठाऊक आहे, बँकेला नाही. बँकेच्या नोंदीत जुनी तारीख उलटली की ती खातं अडवते. नवं निवासपत्र मिळताच ते अॅपवरून किंवा शाखेत दाखवा. नवं निवासपत्र यायचं असताना जुनी मुदत संपत असेल, तर अर्ज विचाराधीन असल्याचा शिक्का जुन्या निवासपत्राच्या मागे मारलेला असतो आणि दोन महिन्यांपर्यंत जास्तीची मुदत मिळते. तो शिक्का, किंवा ऑनलाइन अर्ज केला असेल तर त्याची पोच, मुदत संपायच्या आधी बँकेला दाखवा.

परत येताना खातं शेवटी बंद करा. वीज, गॅस, फोन यांची अखेरची बिलं त्यातूनच जातात. १ जानेवारीला तुम्ही जपानमध्ये राहत असाल तर त्या वर्षाचा रहिवासी करही द्यावा लागतो, तो कंपनीकडून शेवटच्या पगारातून कापून घ्यायला सांगा. नाण्यांतली उरलेली रक्कम सगळ्याच एटीएममधून निघत नाही, म्हणून खातं बंद करायला काउंटरवरच जा. 'तुझं खातं आणि कार्ड मला दे, पैसे देतो' असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. खातं विकणं किंवा दुसऱ्याला वापरायला देणं हा जपानमध्ये गुन्हा आहे, आणि तो शोधत पोलीस खातेदाराकडेच येतात.

तुमच्या पगारातून जपानी पेन्शन कापली गेली असेल आणि सहा महिने तरी भरली असेल, तर देश सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो. ती रक्कम तुमच्या नावावरच्या भारतातल्या खात्यातही घेता येते, २०.४२ टक्के कर कापून. अर्जाबरोबर पेन्शन क्रमांकाचा कागद लागतो, तो सामानाच्या पेटीत नको, हातातल्या पिशवीत ठेवा. आणि त्या भारतीय खात्यावरचं रोमन लिपीतलं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे टोकियोत असतानाच तपासा. जुळत नसेल तर निघण्याआधीच आपल्या बँकेला कळवून दुरुस्त करून घ्या.